रोग्याला कोंडले म्हणजे रोग कोंडला जातो का?



आगमनकाळ सुरू होतो त्याच सुमारास दरवर्षी १ डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन येतो. १९८८ पासून तो पाळला जातो. दवाखान्याबाहेर लाल फितीचा फलक लागतो, शाळेची मुले घोषणा देत एक फेरी काढतात आणि दुसऱ्या दिवसापासून आपण गोठ्याच्या आणि करंज्यांच्या तयारीला लागतो. यंदा मात्र आमच्या अभ्यासमंडळात एका तरुणाने विचारले, “हा आजार पहिल्यांदा आला तेव्हा सरकारने काय केले? कोविडच्या वेळी नेली तशी माणसे उचलून नेली का?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आमच्यातील वयाने मोठी मंडळी अडखळली. कारण उत्तर ‘होय, नेली’ असे आहे. आणि ज्यांना नेले त्यांपैकी एक जण आपल्या शेजारच्या गोव्यातील, आपल्यासारख्याच एका कॅथलिक घरातला मुलगा होता. म्हणून हा पाठ जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी आजाराची ओळख

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांविषयी एक छोटी नोंद छापून आली. पाचही जणांना असा न्यूमोनिया झाला होता, जो धडधाकट माणसाला सहसा होत नाही. नोंद छापली जाईपर्यंत त्यांतील दोघे दगावले होते. त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्तीच कोसळली होती. १९८२ मध्ये या आजाराला ‘एड्स’ हे नाव मिळाले. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने त्याचा विषाणू शोधून काढला (त्याबद्दल या दोघांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले). रक्ताची चाचणी आली ती १९८५ मध्ये. म्हणजे जवळजवळ चार वर्षे डॉक्टरांना रोग दिसत होता, पण लक्षणे उमटण्याआधी तो कोणाच्या शरीरात आहे हे सांगण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

तरी एक गोष्ट फार लवकर कळली होती आणि ती नीट लक्षात ठेवली पाहिजे. रोगाचे मार्ग कोणते, हे १९८३ सालीच स्पष्ट झाले होते: शरीरसंबंध, दूषित रक्त, एकमेकांच्या सुया आणि आईकडून बाळाला. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, खोकल्याने, हवेतून किंवा पाण्यातून हा आजार पसरत नाही, हेही त्याच वर्षी सांगितले गेले. पुढे जे घडले ते अज्ञानामुळे घडले असे आपण म्हणतो. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. माहिती होती, ती लोकांपर्यंत पोहोचली नव्हती. आणि जिथे पोहोचली तिथे भीतीने तिच्यावर विश्वास ठेवू दिला नाही.

रायन व्हाइट या अमेरिकन मुलाचे उदाहरण घ्या. त्याला जन्मापासून रक्त न गोठण्याचा विकार होता. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या रक्तघटकातून त्याला लागण झाली आणि डिसेंबर १९८४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याला एड्स असल्याचे कळले. १९८५ मध्ये इंडियाना राज्यातील त्याच्या शाळेने त्याला वर्गात घेण्यास नकार दिला. डॉक्टरांनी धोका नाही म्हणून सांगितले, तरी पालक ऐकेनात. रायन ८ एप्रिल १९९० रोजी, अठराव्या वर्षी वारला.

घरोघरी गेलेले पत्रक

त्या काळात अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे देशाचे मुख्य आरोग्य-प्रवक्ते, डॉ. सी. एव्हरेट कूप होते. लहान मुलांचे नामांकित शल्यविशारद, मताने कडवे परंपरानिष्ठ आणि श्रद्धावान ख्रिस्ती. ते या विषयावर नैतिक उपदेशापलीकडे फार बोलणार नाहीत असे अनेकांना वाटत होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये त्यांचा अहवाल आला तेव्हा शत्रू आणि मित्र दोघेही चकित झाले. संयम आणि वैवाहिक निष्ठा हाच सर्वांत सुरक्षित मार्ग, हे त्यांनी लिहिलेच. पण जे त्या मार्गाने चालत नाहीत त्यांना मरू द्यावे, असे त्यांनी मानले नाही. रोग कसा होतो, कसा होत नाही, कसा टाळता येतो हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले आणि मुलांनाही वेळेवर सांगा असे सुचवले. सक्तीने सर्वांची तपासणी करणे आणि रोग्यांना वेगळे कोंडणे या दोन्ही सूचना त्यांनी निरुपयोगी ठरवल्या. १९८८ मध्ये एड्सची माहिती देणारे आठ पानी पत्रक अमेरिकेतील घरोघरी टपालाने पाठवले गेले. त्याच्या दहा कोटींहून अधिक प्रती छापल्या होत्या.

कंडोमविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आणि सरकारी मोहिमा यांत तेव्हाही अंतर होते, आजही आहे. तो वेगळ्या पाठाचा विषय आहे. इथे एवढेच नोंदवतो की सेवेच्या बाबतीत ख्रिस्तसभा मागे राहिली नाही. २४ डिसेंबर १९८५ रोजी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, संत मदर तेरेसा यांनी न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या रुग्णांसाठी घर उघडले. त्यात पहिले आले ते तुरुंगातून सोडवून आणलेले तीन कैदी. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी एड्सच्या रुग्णांना भेटून आलिंगन दिले. त्याच वर्षी लंडनच्या एका रुग्णालयात राजकुमारी डायनाने हातमोजे न घालता एका रुग्णाशी हात मिळवला आणि ते छायाचित्र जगभर छापले गेले. शंभर पत्रके जे करत नाहीत ते असे एक छायाचित्र करते.

मद्रासच्या प्रयोगशाळेत

भारतात तेव्हा काय समज होता? हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे, आपल्याला त्याची झळ लागणार नाही, असे मोठमोठे लोक बोलत असत. मद्रास मेडिकल कॉलेजमधील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सोलोमन यांना ते पटेना. त्या मूळच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय घरातल्या. त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, डॉ. सेल्लप्पन निर्मला यांना, प्रबंधासाठी हाच विषय दिला. निर्मला दोन लहान मुलांची आई. हा विषय नको, असे आधी त्यांनाच वाटत होते. पतीने धीर दिला.

वेश्याव्यवसायात सापडलेल्या ज्या स्त्रियांना सरकारने सुधारगृहात ठेवले होते, त्यांचे रक्तनमुने निर्मला यांनी गोळा केले. हातमोजे नाहीत, साधने नाहीत. नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. चाचणीची सोय मद्रासला नव्हती. ती होती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. फेब्रुवारी १९८६ मध्ये पतीपत्नी रात्रीच्या गाडीने नमुने घेऊन वेल्लोरला गेली. चाचणीत सहा नमुने बाधित निघाले. अमेरिकेतून खात्री करून घेण्यात आली आणि भारतात एड्सचा विषाणू आहे, हे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत जाहीर केले.

ही धैर्याची गोष्ट आहे आणि ती सांगितली जाते. तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. आपले रक्त कशासाठी घेतले जात आहे, हे त्या स्त्रियांना सांगितले गेले नव्हते. बाधित निघालेल्या स्त्रियांना मुदत संपल्यावरही डांबून ठेवले गेले आणि त्यांच्या सुटकेसाठी एका पत्रकार महिलेला उच्च न्यायालयात जावे लागले. देशाला रोगाची पहिली खबर त्या स्त्रियांच्या रक्ताने दिली. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्याविषयी एवढेच बरे झाले असे म्हणावे लागते.

डॉ. सुनीती सोलोमन यांनी मात्र हा विषय सोडला नाही. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने संस्था काढून एड्सच्या रुग्णांची सेवा सुरू केली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

गोव्यातील ६४ दिवस

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एक कलम घालण्यात आले होते. रक्तचाचणीत बाधित आढळलेल्या व्यक्तीला वेगळे ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. व्यक्ती आजारी असलीच पाहिजे असे नाही. रक्तात लागण दिसली की पुरे.

म्हापशाजवळच्या पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करत असे. रक्तदानाच्या वेळी होणाऱ्या चाचणीतच त्याची लागण उघडकीस आली. पण त्याला कोणी बोलावून, बसवून, समजावून सांगितले नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस घरी आले आणि त्याला घेऊन गेले. आपल्याला काय झाले आहे हे त्याला रुग्णालयातील नोंदवहीत आपल्या नावापुढे लिहिलेले पाहून कळले. मग त्याला क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या एका ओसाड इमारतीत ठेवण्यात आले. बाहेर पहारा. तिथे तो ६४ दिवस होता. त्याला ताप नव्हता, खोकला नव्हता, कोणावर हल्ला केल्याचा आरोप नव्हता.

त्याची आई लुसी डिसोझा हिने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. ॲडव्होकेट आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. मित्रमंडळी उभी राहिली, पणजीत निदर्शने झाली. डॉमिनिक घरी आला. पण त्याच वर्षी लागलेल्या निकालात न्यायालयाने कायदा वैध ठरवला. एका व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संशय असेल तर समाजाचे हित वरचढ, असा त्या निकालाचा आशय होता. दरम्यान कायद्यात एवढीच सुधारणा झाली की ‘वेगळे ठेवलेच पाहिजे’ याच्या जागी ‘ठेवता येईल’ असे झाले.

डॉमिनिकने उरलेले आयुष्य इतर बाधितांसाठी घालवले. १९९२ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो वारला. ‘माय ब्रदर निखिल’ हा २००५ चा चित्रपट त्याच्या जीवनावरून सुचलेला आहे. आमच्यापैकी काहींनी तो पाहिला होता. त्यामागे खरा माणूस होता हे ठाऊक नव्हते.

वेगळे ठेवण्यात चूक काय?

अभ्यासमंडळात सर्वांत जास्त वाद इथेच झाला. एक काका म्हणाले, “साथीचा रोगी वेगळा ठेवायचा नाही तर काय करायचे? प्लेगमध्ये केलेच ना?” त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्लेगमध्ये केले हे खरे आहे, आणि तेव्हा काय झाले तेही आपल्याकडे नोंदलेले आहे. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला घरात शिरून रोगी उचलून नेण्याची मुभा मिळाली. लोकांनी रोगी लपवले, रातोरात गाव सोडले, आणि पळणाऱ्यांबरोबर प्लेगही गेला. पुण्यात झडत्यांचा संताप इतका झाला की जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडचा खून पडला. मुंबईच्या जुन्या गावठाणांत त्या काळी उभारलेले क्रूस आजही दिसतात. त्या क्रूसांसमोर प्रार्थना करणारे लोक प्लेगइतकेच प्लेगच्या छावणीलाही घाबरत होते.

आणि प्लेग तर शेजाऱ्यापर्यंत पोहोचणारा रोग. एड्सचा विषाणू तसा नाही. तो खोलीतून खोलीत जात नाही, मग भिंत कोणासाठी? प्लेगचा रोगी काही आठवड्यांत बरा होतो किंवा जातो. एचआयव्हीची लागण झालेला माणूस उपचाराविनाही कित्येक वर्षे धडधाकट असतो. त्याला कोंडायचे तर मरेपर्यंत कोंडावे लागेल. शिवाय लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे चाचणी निर्दोष येऊ शकते. म्हणजे कोंडलेल्यांपेक्षा न सापडलेले नेहमी जास्त, आणि बाहेरचे लोक मात्र ‘धोका आत गेला’ म्हणून निर्धास्त.

सर्वांत मोठा तोटा आणखी वेगळा आहे. चाचणीचा शेवट पोलिसांच्या गाडीत होणार असेल तर चाचणीला जाईल कोण? रक्तदान कोण करील? डॉमिनिक सापडला तो रक्त द्यायला गेला म्हणून. जो कधी रक्त द्यायला गेलाच नाही, तो सापडलाही नाही. म्हणजे त्या कायद्याने नेमक्या त्या माणसाला शिक्षा केली, ज्याच्यासारखी माणसे आरोग्य खात्याला हवी असतात.

काकांनी हार मानली नाही. त्यांनी क्यूबाचे नाव काढले, आणि तेही खरे आहे. क्यूबाने १९८६ पासून बाधितांना सक्तीने आरोग्यधामांत ठेवले, जेवणखाण आणि पगारही दिला, आणि तिथे लागण खरोखर कमी राहिली. पण त्या बेटावर जवळजवळ सगळ्या प्रौढांची तपासणी झाली होती, येणेजाणे सरकारच्या मुठीत होते, आणि १९९३ च्या सुमारास त्यांनीही लोकांना घरी राहू द्यायला सुरुवात केली. भारतासारख्या अफाट देशात असे करणे शक्य नव्हते. शक्य असते तर करावे का, यावर आमच्यात शेवटपर्यंत एकमत झाले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा एड्स कार्यक्रम उभारणारे डॉ. जोनाथन मान यांनी हा विचार सगळ्यांत स्पष्ट मांडला. ते आधी आफ्रिकेत, झाईरमध्ये, काम करून आले होते. बाधितांचा मान राखणे ही केवळ दया नसून साथ रोखण्याचे साधन आहे, असे ते सांगत. ज्याला छळाची भीती नाही तोच तपासणीला येतो, सल्ला ऐकतो, आपल्या जोडीदाराला सांगतो. मे १९८८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने बाधितांशी भेदभाव टाळण्याचा ठराव संमत केला. भारत त्या संघटनेचा सदस्य होता. डॉमिनिकच्या दारात पोलीस आले ते त्यानंतर नऊ महिन्यांनी.

पुढे काय झाले

बदल हळूहळू झाला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन रक्त विकण्याची पद्धत बंद करण्याचा आदेश दिला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका मजुराच्या खटल्यात सांगितले की माणूस काम करण्यास समर्थ असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याची नोकरी नाकारता येणार नाही. त्या मजुराचे नाव निकालपत्रात नाही. न्यायालयानेच ते झाकू दिले. गोव्याच्या निकालानंतर आठ वर्षांनी, त्याच न्यायालयाने. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत औषधे मोफत मिळू लागली. सुरुवातीच्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार संमतीवाचून चाचणी करणे, परवानगीवाचून कोणाची लागण उघड करणे, बाधिताला नोकरी, शाळा, उपचार वा घर नाकारणे आणि त्याला वेगळे पाडणे, हे सारे बेकायदा आहे.

आज रोज नियमाने गोळी घेणारा बाधित माणूस जवळजवळ सर्वांइतकेच आयुष्य जगतो. औषधाने त्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली राहिले, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला लागण देत नाही. गरोदर मातेने वेळेवर औषध सुरू केले तर बाळ बहुधा सुखरूप जन्मते. हे सारे एका अटीवर: माणसाने चाचणीला आले पाहिजे.

आता आमची स्वतःची गोष्ट. १९९० च्या दशकात आपल्याच भागात या आजाराने एक तरुण गेला. नाव व वाडी सांगत नाही. शवपेटी घट्ट बंद करून आणली होती. खांदा द्यायला माणसे कमी पडली. अंत्यविधीनंतर त्या घरी पेज घेऊन जायची आपली रीत; त्या दिवशी पातेली घरोघरच राहिली. त्याच्या आईने विहिरीवर यायचे आपणहून बंद केले आणि कोणी तिला बोलावले नाही. आमच्यापैकी दोघे-तिघे त्या वेळी तरुण होते, आणि ज्यांनी खांदा दिला नाही त्यांत होते. तिथे कोणताही कायदा नव्हता, पोलीस नव्हते. अभ्यासमंडळात हे प्रथमच बोलले गेले. ती आई काही वर्षांपूर्वी वारली. तिच्याकडे जाऊन काही बोलण्याची वेळ आता निघून गेली आहे.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात सरकारी रुग्णालयातील समुपदेशक भगिनी येणार आहेत. चाचणी कुठे होते, किती गुप्त राहते, औषधे कशी मिळतात हे त्या सांगतील. ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तिथे नाव विचारले जात नाही. प्रश्न आधी लिहून द्यायचे असल्यास मंदिराच्या दाराशी पेटी ठेवली आहे. चिठ्ठीवर नाव लिहू नये.